पदकावरचं घंगाळ

२१ जून २०२०, रविवार

आजपासून तारीखवार लिहून ठेवणार आहे. हौस म्हणून नव्हे. परक्याची चांदी घरात आली आहे आणि उद्या कुणी विचारलं तर माझ्याजवळ काहीतरी लेखी पाहिजे.

झालं ते असं. फेब्रुवारीत मी इथे परदेशात मुलीकडे, मंजिरीकडे, तीन महिन्यांसाठी आलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि मी या डँडेनॉन्गच्या घरात अडकलो. मागच्या कुंपणापलीकडे कॉर्नी पेनर नावाचा म्हातारा राहतो. पंचाहत्तरीचा, ताडमाड उंच, जन्मभर सुतारकाम केलेला. दत्तप्रसाद हे नाव त्याच्या तोंडात मावत नाही, म्हणून तो मला डट्टा म्हणतो. आल्यापासून दर दोन-चार दिवसांनी तो कुंपणावरून लिंबं देतो. मोठी, पिवळीधमक, रसाळ. एवढी लिंबं फुकट कोण देतं? मी मंजिरीला तेव्हाच म्हटलं होतं की हा काहीतरी मागणार आहे. ती म्हणाली, "बाबा, त्याच्या झाडाला लिंबं फार लागतात. बास, एवढंच आहे ते."

आज मागितलंच. मी चाळीस वर्षं गिरगावात पदकं कोरली हे मंजिरीने त्याला सांगून ठेवलं होतं. हा कॉर्नी मेनोनाइट नावाच्या ख्रिस्ती पंथाचा आहे. इथे त्यांची साठ-सत्तर माणसं आणि एक छोटासा हॉल आहे. यंदा त्यांच्या मंडळीला पन्नास वर्षं होतात, त्यासाठी चांदीचं एक पदक हवं आहे. एकच. चांदी त्यांचीच, वाडवडिलांनी युक्रेनमधून आणलेले चमचे वितळवून.

मी थोडी चौकशी केली. ही माणसं दागिने घालत नाहीत. कॉर्नीच्या बोटात लग्नाची अंगठीसुद्धा नाही. शपथ घेत नाहीत, कोर्टातही नाही. हो म्हणजे हो, नाही म्हणजे नाही, पुढे काही नाही. आता शपथ न घेणाऱ्या माणसावर विश्वास ठेवायचा तरी कसा? आणि अंगठी न घालणाऱ्यांना पदक कशाला लागतं?

नऊ चमचे त्याने फडक्यात गुंडाळून कुंपणावरून दिले. मी म्हटलं, आधी दोघांच्या समोर वजन करू. तो म्हणाला, "नो नीड, मेट. मी तुला काय दिलंय ते मला माहीत आहे."

हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. आमच्या कारखान्यात वजन न करता चांदी देणाराच संध्याकाळी कमी भरली म्हणून बोंब मारायचा. मी घरात येऊन मंजिरीच्या स्वयंपाकाच्या काट्यावर वजन केलं. दोनशे एकतीस ग्रॅम. काट्याची बॅटरी संपत आली आहे असं मंजिरी म्हणाली. आकडा तर स्वच्छ दिसत होता.

२७ जून, शनिवार

फॉस्टर स्ट्रीटवर मोहनकडे गेलो. हा विट्याचा, तिकडच्या पुष्कळ घरांतून सोनं-चांदी गाळण्याचाच धंदा. इथे दुकानाच्या मागच्या खोलीत बसून दागिने दुरुस्त करतो. चमचे वितळवून, लाटून त्याने मला जाड पत्रा करून दिला. मी पूर्ण वेळ मुशीवरून नजर काढली नाही. मोहन हसायला लागला. "काका, बसा की जरा. मी काय पळून जातोय व्हय? विमानं बंद हायत."

पत्रा दोनशे अठ्ठावीस भरला. तीन ग्रॅम घट. वितळवताना मळ जळतो, एवढी घट जाणारच. तरी मूस उलटी करून पाहिली. त्या दिवशी मोहनचा चहा विचारायचा राहून गेला.

५ जुलै, रविवार

पदकावर काय कोरायचं यावर आज कुंपणापाशी बैठक झाली. मी तीन नमुने काढून ठेवले होते. पहिल्यावर मंडळीच्या संस्थापकाचा चेहरा, खाली नाव. चेहरा हा माझा हातखंडा. माझ्या कोरणीतून नगराध्यक्ष सुटले नाहीत की शाळांचे संस्थापक सुटले नाहीत. कॉर्नीने कागद लांब धरून पाहिला आणि मान हलवली. चेहरा नको. नाव नको. कुणाचंच नाव नको.

नाव लपवणारी संस्था मी आयुष्यात पहिल्यांदा पाहतो आहे. लोक पदकावर नाव यावं म्हणून शेठच्या घरी आंब्याच्या पेट्या पाठवायचे.

मग त्याने खिशातून स्वतः पेन्सिलने काढलेलं चित्र दिलं. एक पाण्याचं भांडं आणि त्याच्या काठावर टाकलेला टॉवेल. खाली १९७० आणि २०२०. बाकी काही नाही. क्षणभर वाटलं की हे एखाद्या लॉजचं पदक आहे. मग लक्षात आलं, सध्या हात धुण्याचे दिवस आहेत. सरकार सारखं हात धुवा म्हणून सांगतं, यांनी ते पदकावर घेतलं. साथीच्या वर्षाची आठवण म्हणून ठीक आहे. मी तसं बोललोही. तो म्हणाला, "हात? वेल, दॅट टू, आय सपोज," आणि हसला. का हसला ते कळलं नाही.

त्याचं भांडं म्हणजे नुसती वाटी होती. मी म्हटलं, भांडं माझ्यावर सोड, मला एक माहीत आहे.

१० जुलै, शुक्रवार

लॉकडाऊन पुन्हा लागला. मला काय, मी गॅरेजमध्येच असतो. शंतनूने गाडी बाहेर लावून जागा करून दिली. जावई तसा बरा आहे, पण सारखा विचारतो, "बाबा, ओके आहात ना? काही लागतंय?" इतकं विचारणाऱ्याच्या मनात काय असतं कोण जाणे.

माझ्या सातही कोरण्या मी मुंबईहून बरोबर आणल्या होत्या. विमानतळावर त्यांच्यासाठी पाऊण तास भांडलो होतो. टेबल-खुर्चीवर मला काम जमत नाही. जमिनीवर सतरंजी, पुढ्यात राळेचा जड गोळा, त्यात पत्रा रुतवलेला आणि गोळा दोन्ही पावलांनी घट्ट धरलेला. थंडी असली तरी पाय उघडेच लागतात, मोज्यातून गोळा सरकतो.

आमच्या कारखान्यात सगळे असेच बसायचे, म्हणून तर दारात घंगाळ होतं. तांब्याचं, दोन बाजूंना कड्या असलेलं. संध्याकाळी सुटताना प्रत्येकाने त्यात हात आणि पाय धुवूनच बाहेर पडायचं. दिवसभराचा चांदीचा कीस टाचांच्या भेगांत, बोटांच्या मध्ये बसलेला असतो. पाणी हललं की तळाशी चमचम दिसायची, एकाची कमी, एकाची जास्त, पण दिसायची सगळ्यांचीच. ते पाणी निवळत ठेवायचं, गाळ साठवायचा आणि मार्चअखेर वितळवायचा. शेठ नव्या माणसाला सांगायचे, "आपल्याकडची पद्धत आहे, वाईट वाटून घेऊ नका." कुणी वाईट वाटून घेत नसे. रविंद्रचं प्रकरण वेगळं.

पदकावर तेच घंगाळ कोरतो आहे. कड्यांसकट.

२४ जुलै, शुक्रवार

कालपासून मास्क सक्तीचा. माझा चष्मा धुरकटतो आणि रेघ दिसत नाही, म्हणून गॅरेजमध्ये मास्क लावत नाही. कुंपणावरून कॉर्नी ओरडला, "हाऊ इज शी कमिंग अलाँग?" पदकाला तो बाई म्हणतो. मी म्हटलं, येऊन बघ, दीड मीटरवरून. तो म्हणाला, "नाह, झाल्यावर बघू." दिलेल्या चांदीकडे महिनाभर न बघणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर पक्का. हा वेडा वाटत नाही.

६ ऑगस्ट, गुरुवार

संचारबंदी. रात्री आठनंतर बाहेर नाही, दिवसाही पाच किलोमीटरच्या आत. आणि घरात काहीतरी शिजतं आहे.

आठ दिवस झाले, मंजिरी माझ्याजवळ येत नाही. ती वृद्धांच्या नर्सिंग होममध्ये काम करते, घरी आली की सरळ न्हाणीघरात जाते आणि मग वरच्या खोलीत. जेवणाचं ताट शंतनू वर नेऊन देतो. मी जिन्यात गेलो की "बाबा, नको, खालीच थांबा" म्हणून दार लावते. काल दोघं हळू आवाजात बोलत होती, मी जिन्यापाशी आलो तशी गप्प झाली. चांदीचं काही बोलत असणार. परक्याची वस्तू बाबांनी कशाला अंगावर घेतली, असंच असणार.

त्यात आज कहर झाला. मी दुपारी जरा पडलो होतो आणि शंतनूने गॅरेज व्हॅक्यूम केलं! सतरंजीसकट! मी विचारलं, कुणी सांगितलं होतं? तो म्हणाला, "बाबा, सॉरी, मला वाटलं तुम्हाला धुळीचा त्रास होतोय. खोकत होतात." मी व्हॅक्यूमची पिशवी पेपरावर रिकामी केली आणि दोन तास चाळली. केस, तांदळाचे दाणे, एक बटण. चांदी चिमूटभर मिळाली असेल. बाकीची गेली कुठे? मी त्याच्याकडे पाहत राहिलो. तो आत गेला.

१९ ऑगस्ट, बुधवार

आज घंगाळाच्या कड्या कोरून झाल्या. चांगल्या उतरल्या. कोरताना रविंद्रचं प्रकरण डोक्यात फिरत होतं, तेव्हा तेही लिहून टाकतो. यात लपवण्यासारखं काही नाही.

रविंद्र आणि मी एकाच दिवशी कारखान्यात लागलो, शेजारी बसून काम शिकलो. डबा एकत्र खायचो. ९३ साली शेठनी मला फोरमन केलं. घंगाळापाशी उभं राहणं हे तेव्हापासून माझं काम. एक दिवस सुटताना रविंद्र घंगाळाला वळसा घालून सरळ दाराकडे निघाला. मुलीला ताप आहे, बस चुकेल, असं काहीतरी पुटपुटत होता. मी त्याला हाक मारून परत बोलावलं. सगळे बघत होते. मित्र म्हणून सोडला असता तर उद्या सगळ्यांनीच सूट मागितली असती. त्याने पाय पाण्यात घातले आणि तळाशी चांदी चमकली.

शेठ माझ्या मागेच उभे होते. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी रविंद्रचा हिशेब झाला.

चांदी त्याच्या पायाला सापडली, ही वस्तुस्थिती आहे. मी एक शब्द त्याच्याविरुद्ध उच्चारलेला नाही. तरी जाताना त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही केलं होतं.

३ सप्टेंबर, गुरुवार

अकरा लिंबं.

२६ ऑक्टोबर, सोमवार

आज राज्यात एकही नवा रुग्ण नाही, एकही मृत्यू नाही. टीव्हीवर लोक रडत होते. मंजिरीही रडली, आणि मग तीन महिन्यांचं सगळं तिने आज सांगितलं. जुलैअखेर तिच्या नर्सिंग होममध्ये साथ शिरली होती. तिच्या मजल्यावरची अकरा माणसं गेली. आपल्यामुळे मला काही होऊ नये म्हणून ती वर एकटी राहत होती, आणि मला भीती वाटू नये म्हणून दोघांनी ठरवून बोलायचं नाही असं केलं होतं. "तुम्ही गॅरेजमध्ये खूश होता ना बाबा, म्हणून म्हटलं राहू दे."

खूश! मी व्हॅक्यूमच्या पिशव्या चाळत होतो. मला माझी फार लाज वाटली. शंतनूला काहीतरी म्हणायला हवं होतं, पण शब्द सापडेनात, म्हणून त्याला म्हटलं, उद्या गॅरेज व्हॅक्यूम केलंस तरी चालेल.

तरीही लिहिणं भाग आहे. पदक पूर्ण झालं. सगळं वजन केलं. पदक, उरलेले तुकडे, डबीतला कीस, पिशवीतून निघालेला चुरा, सगळं मिळून दोनशे एकवीस. पत्रा होता दोनशे अठ्ठावीस. सात ग्रॅम कमी. तीनदा केलं, तीनदा सात.

मोहनला फोन केला. तो म्हणाला, "काका, तुमच्यासमोर तोललंय की. माझ्यावर कशापायी घेताय?" घेत नाही म्हटलं. पण मग गेली कुठे?

१५ नोव्हेंबर, रविवार

जे व्हायचं ते झालं. आता शंका उरली नाही.

कॉर्नीने सांगितलं, एकोणतीस तारखेला हॉलच्या मागच्या अंगणात कार्यक्रम आहे, मोकळ्या हवेत, तू यायचंस. मी हो म्हटलं. मग तो जरा अडखळला, टोपी काढून डोकं खाजवलं, आणि म्हणाला, "आणखी एक, डट्टा. त्या दिवशी तुझे पाय धुवावे असं आमच्या मनात आहे. तुझी हरकत नसेल तर."

 मी विचारलं, माझे पाय? तो म्हणाला, "आमची पद्धत आहे, मेट. वाईट वाटून घेऊ नकोस. आम्ही दर वर्षी ईस्टरला करतो, यंदा साथीमुळे राहून गेलं."

तेच वाक्य. शब्दाला शब्द शेठचं वाक्य. आणि ईस्टर म्हणजे मार्चअखेरच्या आसपासच. यांच्यातही वर्षाचा गाळ तेव्हाच काढतात म्हणायचं.

म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यांना माहीत होतं. "मी तुला काय दिलंय ते मला माहीत आहे." घरी वजन केलेलं असणार, नुसतं माझ्यासमोर केलं नाही. आता साठ माणसांसमोर माझे पाय पाण्यात घालून बघणार. वर लिंबं देत होता!  बरं म्हटलं आणि आत आलो.

सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात माझ्या नावाला कधी डाग लागला नाही. इथे तर मी मुलीच्या घरी पाहुणा. तिला या गल्लीत राहायचं आहे. म्हातारा बाप चांदी खाऊन गेला, असं तिच्या शेजाऱ्यांनी म्हणावं?

२१ नोव्हेंबर, शनिवार

कोरण्यांच्या पेटीच्या तळाशी विमलची जोडवी आहेत. ती गेल्यानंतर काढून ठेवली ती तिथेच. आज वजन केली. दोन जोडवी, सात ग्रॅम.

हा आकडा मी बराच वेळ बघत बसलो.

हातोडीने चपटी करून तुकड्यांत मिसळली तर कुणाला कळणार नाही. हातोडी उचलली, खाली ठेवली. पुन्हा उचलली. नाही झालं माझ्याने. शेवटी तशीच, अख्खी, डबीत सगळ्यांत खाली घातली आणि वर तुकडे टाकले. वजन बरोबर भरतं. विमलला मी मनात म्हटलं की तुझ्या मुलीच्या अब्रूसाठी देतो आहे. ती असती तर काय म्हणाली असती ते मला माहीत आहे, म्हणून पुढे विचार केला नाही.

मंजिरीला यातलं काही सांगितलेलं नाही.

२९ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट क्रमाने लिहितो.

पहाटेच जाग आली. आंघोळ करून तयार झालो. मग वाटलं, पदकाची कड एका जागी बोटाला लागते, लहान मुलं हातात घेतील. म्हणून गॅरेजमध्ये बसून कड पुन्हा घासली, चकाकी दिली, आणि मग मोजे-बूट घालून निघालो. मंजिरी बरोबर येते म्हणत होती, मी नको म्हटलं. तिने ते बघायला नको होतं.

अंगणात गमचं, म्हणजे निलगिरीच्या जातीचं झाड, त्याखाली लांब लांब मांडलेल्या खुर्च्या. साधी माणसं, साधे कपडे. कुणीतरी सूर दिला आणि सगळे गायला लागले, वाद्य नाही, काही नाही. मग कॉर्नीने पदक उंच धरून दाखवलं आणि ते हातोहात फिरलं, प्रत्येकाने आधी हाताला सॅनिटायझर लावून. एक म्हातारी घंगाळाच्या कड्यांवरून बोट फिरवत म्हणाली, "आमच्या भांड्यापेक्षा हे किती सुंदर आहे." मी डबी कॉर्नीच्या हातात दिली. उरलेली सगळी चांदी यात आहे, वजन बरोबर आहे, असं मोठ्याने सांगितलं, चार लोकांनी ऐकावं म्हणून. त्याने न उघडता खिशात टाकली.

मग भांडी आली. पांढरी, निळ्या काठाची, प्रत्येकाशेजारी एक टॉवेल. मी मन घट्ट केलं. पण बघतो तर सगळेच बूट काढायला लागले! बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, म्हातारेकोतारे, सगळे. माझ्या मनात आलं, म्हणजे यांचा एकमेकांवरही विश्वास नाही? साठ माणसांची झडती घ्यायची? त्यातल्या एकानेही चांदी कोरली नव्हती.

कॉर्नी माझ्यासमोर आला आणि गुडघ्यांवर बसला. त्याचे गुडघे कामातून गेले आहेत, बसताना खुर्ची धरावी लागली. झडती घेणारा उभा असतो. मी जन्मभर उभा होतो, मला हे माहीत आहे. हा खाली बसला आणि माझं पाऊल दोन्ही हातांत घेऊन कोमट पाण्यात ठेवलं. टाचेवरून हात फिरवला, बोटांमधून पाणी सोडलं, मग दुसरं पाऊल. कुणी आमच्याकडे पाहत नव्हतं. शेजारी एक जण दुसऱ्याचे पाय पुसत होता आणि दोघेही रडत होते.

मग पाणी निवळलं आणि तळाशी चांदी चमकली.

सकाळचा कीस. मला काय माहीत तो पायाला आहे! मी कुठे मुद्दाम आणला होता! माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "मी चोर नाही हो." कॉर्नीला अर्थातच कळलं नाही. त्याने पाण्यात वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. "वेल, लुक अ‍ॅट दॅट! आज सकाळीपण काम केलंस, डट्टा?" त्याने टॉवेलने माझे पाय पुसले, बोटांच्या मधलंसुद्धा, आम्ही लहान मुलांचे पुसतो तसे. उठला, भांडं उचललं, चार पावलं चालला आणि पाणी झाडाच्या मुळाशी ओतून टाकलं.

मी ओरडलोच, "अरे, चांदी आहे त्यात!"

"ट्री वोन्ट माइंड," तो म्हणाला. मग भांड्यात ताजं पाणी घेऊन आला, "येशूने शिष्यांचे पाय धुतले, म्हणून आम्ही एकमेकांचे धुतो," म्हणाला आणि ते माझ्या हातात दिलं. शेजारच्या खुर्चीवर एक माणूस पाय उघडे करून बसला होता. आता माझी पाळी होती.

दुसऱ्याचे पाय पाण्यात बघायची मला सवय आहे. धुतले मात्र आज पहिल्यांदा. त्याच्या टाचांना भेगा होत्या. मी पाण्याकडे पाहिलं नाही, नुसते धुतले.

आणि धुताना मला रविंद्रचे पाय दिसले. घंगाळात सगळ्यांच्याच पायांची चांदी यायची. म्हणून तर ते घंगाळ ठेवलं होतं. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, सगळ्यांत जास्त मला. शेठनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा एवढंच सांगायचं होतं. सत्तावीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी एक शब्द बोललो नाही.

३० नोव्हेंबर, सोमवार

सकाळी कॉर्नी कुंपणापाशी आला. आज हातात लिंबं नव्हती, रुमाल होता. त्यात विमलची जोडवी, धुऊन पुसून ठेवलेली.

"डबीत होती. ही आमची नाहीत," तो म्हणाला. "मी तुला काय दिलंय ते मला माहीत आहे. नऊ चमचे."

वजन किती होतं, मी विचारलं. त्याला माहीत नव्हतं. त्याने कधी केलंच नव्हतं. सात ग्रॅम कमी भरली होती म्हणून ही घातली, असं मी त्याला सांगून टाकलं. त्याने रुमालातल्या जोडव्यांकडे पाहिलं. मग विचारलं, "कुणाची आहेत?" माझ्या बायकोची, मी म्हटलं. त्याने रुमाल माझ्या हातात ठेवला आणि वरून स्वतःचा हात धरून ठेवला. दीड मीटरचा नियम आम्ही दोघांनी मोडला.

आत आलो तर मंजिरी काट्यात नवी बॅटरी घालत होती. मी जोडव्यांचं वजन पुन्हा करू शकलो असतो. केलं नाही.

कारखान्यातल्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर रविंद्रचा नंबर आहे. मी तो तिथे सहा वर्षं पाहतो आहे. दुपारी अडीचला लावला, मुंबईत सकाळचे नऊ. त्याने उचलला. मी दत्ता बोलतोय म्हटल्यावर तो म्हणाला, "बोल."

मी म्हटलं, "रवी, त्या दिवशी माझं चुकलं. चांदी सगळ्यांच्याच पायाला असायची. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही."

तिकडून कपबशीचा आवाज आला. मी काल झालेलं सगळं सांगितलं, भांडं, टॉवेल, कॉर्नीचे गुडघे. माझ्याही पायाची चांदी निघाली, हे सांगितलं.

"मग ते पाणी?" त्याने विचारलं. "निवळत ठेवलं?"

"नाही. झाडाला घातलं."

"झाडाला," तो म्हणाला. त्याने बशी बाजूला सरकवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मुलीचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला होता. तू विचारलं नाहीस." आणि जरा थांबून, "उद्या कर फोन. आज एवढं पुरे."

उद्या तो उचलेल की नाही, मला शंका आहे. मी करणार आहे.